रोख, रोखा आणि गाडीची किल्ली

मराठीत वस्तूची किंमत दिली जाते, तशीच ती मोजलीही जाते. म्हसवडसारख्या गावात नव्या गाडीभोवती माणसे जमली की पहिला प्रश्न येतो तो 'किती मोजले?' असा. या क्रियापदात अंगठ्याखालून एकामागून एक सरकणाऱ्या नोटांचा व्यवहार साठलेला आहे. हप्त्यांवर घेतलेल्या गाडीलाही आपण हेच क्रियापद लावतो. पण तिथे ते केवळ भाषेच्या सवयीने येते. मोजण्याची प्रत्यक्ष कृती बँकेच्या संगणकात कुठेतरी होऊन गेलेली असते.

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या मोटारविक्रीच्या दालनात कापडी पिशवीतून रोकड काढणारा माणदेशी शेतकरी हा अलीकडे दोन प्रकारच्या कथनांचा विषय झालेला दिसतो. एका कथनात तो भाबडा आणि गमतीदार आहे. दुसऱ्यात तो संशयित आहे. दोन्ही कथनांत त्याची पिशवी आहे, पण पिशवीचा इतिहास नाही. तो इतिहास मांडण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की या भागात रोखीने घेणे ही पैसा लपवण्याची रीत होण्यापूर्वी दुसऱ्याच्या वहीतून आपले नाव काढून घेण्याची रीत होती.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'रोख' म्हणजे हातातला पैसा. 'रोखा' म्हणजे चिठ्ठी, लेख, आणि पुढे कर्जाचा दस्तऐवज. पहिल्या शब्दाला एक काना जोडला की दुसरा तयार होतो, आणि अर्थ मात्र जवळजवळ उलटा होतो. दोहोंची व्युत्पत्ती एक नाही. 'रोखा' हा अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला. तरीही बोलणाऱ्याच्या कानाला हे साम्य जाणवल्यावाचून राहत नाही. ज्याच्याकडे रोख नाही त्याच्या नावाचा रोखा होतो, हा खेड्यातला रोजचा अनुभव होता. 'रोखठोक' हा शब्दही येथे आठवावा. उधारी नसलेला व्यवहार आणि आडपडदा नसलेले बोलणे यांना मराठीने एकच विशेषण दिले आहे. आज कायदा रोखीला आडपडद्याचे लक्षण समजतो. भाषेने तिला नेमके उलटे मानले होते.

हे मानण्यामागे कारणे होती. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध जे दंगे पसरले, त्यांत जमावाचा मुख्य रोष सावकारांच्या कागदांवर होता. कर्जरोखे मिळवून जाळणे, हा त्या उठावाचा गाभा होता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, शेतसारा वाढला होता, आणि दिवाणी न्यायालये अंगठ्याच्या खुणेखाली काय लिहिले आहे एवढेच पाहत होती. सातारा जिल्हाही या लोणापासून पूर्ण अलिप्त राहिला नाही. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. साताऱ्यातील माण तालुका, म्हणजेच म्हसवडचा मुलूख, त्याच्या कक्षेत आला. या कायद्यातील एक तरतूद आम्हाला विशेष अर्थपूर्ण वाटते. शेतकऱ्याने पैसे दिले, की त्याची लेखी पावती मागण्याचा हक्क त्याला मिळाला. वर्षाच्या हिशेबाचा आणि पासबुकाचा हक्कही मिळाला. म्हणजे त्यापूर्वी पैसे देऊनही ते दिल्याचा पुरावा देणाऱ्याच्या हाती नसे. चारच वर्षांनी, 1883 साली, जोतीराव फुले यांनी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथामागेही लिहिता न येणाऱ्याच्या नागवणुकीचा हाच अनुभव उभा आहे.

जिथे लेखणी दुसऱ्याच्या हातात असते, तिथे लेखणीवाचून पुरा होणारा व्यवहार सुरक्षित वाटतो. जनावरांचा बाजार हे त्याचे उत्तम उदाहरण. म्हसवडच्या सिद्धनाथाचे दुसरे प्रसिद्ध ठाणे शेजारच्या आटपाडी तालुक्यातील खरसुंडी येथे आहे, आणि तेथील यात्रा खिलार जनावरांच्या बाजारासाठी ओळखली जाते. बैलबाजारातली जुनी पद्धत अशी, की उपरण्याखाली किंवा रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा. सौदा पटला की इसार द्यायचा. आणि दावे हातात घेताना उरलेली रक्कम मोजून द्यायची. भाव गुप्त, पण देणे उघड्यावर, चार माणसांदेखत. दावे हातात आले की विकणाऱ्याचा त्या जनावरावरचा हक्क संपला. मोटारीच्या दालनातही हीच तीन पावले आहेत: घासाघीस, नोंदणीची आगाऊ रक्कम आणि किल्ली. बैल घेणाऱ्या घराला गाडी घेताना हा व्यवहार परका वाटत नाही तो यामुळेच.

मात्र मोटारीच्या बाबतीत रोख पैसा बराच काळ निरुपयोगी होता, हे आज विसरले जाते. 1959 च्या नियंत्रण आदेशाने मोटारींची विक्री आणि वाटप सरकारी देखरेखीखाली आणले. मोजकेच कारखाने, मोजक्याच गाड्या. पैसे असूनही रांगेत नाव घालावे लागे आणि वर्षानुवर्षे थांबावे लागे. या रांगेनेच रोखीला दुसरा, काळा अर्थ दिला. आपला क्रमांक आलेला माणूस गाडी अधिक किमतीला दुसऱ्याला देई, आणि ही वरची रक्कम पावतीवाचून हातोहात दिली जाई. मराठीत तिला 'ऑन' म्हणत. इंग्रजीतील एका शब्दयोगी अव्ययाचे मराठीत नाम झाले, ते टंचाईमुळे. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800 ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिली गेली, तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. पण तिच्यासाठीही आधी पैसे भरून नोंदणी करावी लागली होती. गाडी मागाल तेव्हा दारात, ही स्थिती 1991 नंतरच्या काळातली.

गाडी सहज मिळू लागली तशी ती कर्जाने मिळू लागली. कर्जाच्या गाडीची नोंदणी होते तेव्हा नोंदणीपुस्तकात मालकाबरोबर कर्ज देणाऱ्या संस्थेचेही नाव चढते. हप्ते फिटल्यावर संस्थेचा ना-हरकत दाखला घेऊन, परिवहन कार्यालयात अर्ज करून ते नाव कमी करून घ्यावे लागते. ही रचना शेतकऱ्याला नवी नाही. त्याच्या सात-बाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असाच चढतो आणि असाच खटपटीने उतरतो. 'बोजा' हा महसुली दप्तरातला शब्द त्याने गाडीलाही लावला यात नवल नाही. विक्रेत्याच्या दृष्टीने कर्जाचे गिऱ्हाईक पुष्कळदा अधिक सोयीचे असते, कारण कर्ज जुळवून देण्याचा मोबदला त्याला मिळू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र रोखीची गाडी म्हणजे कोरा रकाना. ज्या घराच्या जमिनीचा तो रकाना आजोबांच्या काळापासून कधी कोरा राहिला नाही, त्या घराला याचे मोल किती वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर 2016 आणि 2017 ही दोन वर्षे पाहावी लागतात. 1 जून 2016 पासून 10 लाखांहून अधिक किमतीच्या गाडीवर विक्रेत्याने एक टक्का प्राप्तिकर जागीच गोळा करण्याचा नियम आला. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. 14 नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. शेतकऱ्याचे खाते बहुधा असते ते याच बँकेत. नंतर 1 एप्रिल 2017 पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास बंदी झाली. अर्थसंकल्पात ही मर्यादा 3 लाख सुचवली होती. कायदा मंजूर होताना ती 2 लाखांवर आली. दंड घेणाऱ्याला, आणि तोही घेतलेल्या रकमेइतका. रक्कम चार दिवसांत विभागून दिली तरी गाडी एकच असल्याने सुटका नाही. तेव्हापासून नव्या गाडीची पूर्ण किंमत नोटांनी मोजणे कायद्याच्या चौकटीत जवळजवळ अशक्य झाले. पिशवी घेऊन आलेल्या माणसाला दालनातून बँकेत पाठवले जाते, ते त्याच्यावरील अविश्वासापेक्षा स्वतःवरील दंडाच्या भीतीने.

येथे एक भेद नीट करायला हवा. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. म्हणून डाळिंबाच्या किंवा कांद्याच्या पट्टीचे साठवलेले पैसे करमुक्त असतात. ते काळे नसतात. दप्तरात नसलेला पैसा आणि दप्तरापासून लपवलेला पैसा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि नोटेकडे पाहून त्या ओळखता येत नाहीत. पण म्हणून रोकड सदैव निष्पाप असते, असेही म्हणता येणार नाही. जमिनीच्या खरेदीखतावर एक किंमत आणि हातात दुसरी, ही प्रथा खेड्यालाही चांगली ठाऊक आहे, आणि त्या वरच्या पैशाला गाडीची वाट सोयीची होती. कायदा ज्याला शोधत होता तो माणूस काल्पनिक नव्हता. तो सापडावा म्हणून टाकलेल्या जाळ्यात त्याचा शेजारीही आला, इतकेच.

खुद्द म्हसवडने या पेचावर एक उत्तर फार पूर्वी शोधले होते. चेतना सिन्हा यांनी जाहीरपणे सांगितलेली हकीकत अशी: रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी निवाऱ्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घेण्यासाठी रोज थोडी बचत करायची होती, आणि रक्कम फार लहान म्हणून बँका तिचे खाते उघडेनात. त्यातून महिलांची बँक काढण्याचा विचार झाला. प्रवर्तक महिलांना लिहितावाचता येत नाही, म्हणून पहिला प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने नाकारला. महिला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी त्यांनी दाखवली. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे याच महिलांनी पासबुक घरी नको अशी मागणी केली. शिल्लक दिसली की घरातले पुरुष पैसे मागत.

1879 च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेला पासबुकाचा हक्क आणि सव्वाशे वर्षांनंतर त्याच तालुक्यातील बायकांनी नाकारलेले पासबुक, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रश्नाचे स्वरूप उलगडते. नोंद हवी की नको, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. नोंद कोणाच्या हातात आहे, ती कोण वाचणार आणि वाचून काय मागणार, हा खरा प्रश्न आहे. नोटबंदीत गव्हाच्या डब्यातले पैसे बाहेर काढावे लागलेल्या कितीतरी बायकांना तो कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकावाचून कळला.

आपल्या ग्रामीण साहित्याने कर्ज आणि सावकारी पुष्कळ रंगवली. कर्जाबाहेर राहिलेल्या माणसाकडे त्या मानाने कमी पाहिले. नोटा मोजून गाडी घेणारा शेतकरी उद्या कथेत आला, तर लेखकाने त्याला दालनातल्या विक्रेत्याच्या नजरेने पाहू नये आणि कर-अधिकाऱ्याच्याही नजरेने पाहू नये. त्याच्या घरच्या सात-बाराचा 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचावा. तो आज बँकेतून पैसे वळते करायला शिकला आहे, कारण दुसरा मार्ग उरलेला नाही. पण गाडीला किती मोजले, असे कोणी विचारले, तर तो आकड्याआधी सांगतो, 'बोजा नाही.'