गांजा, भांग आणि ‘कारणा’चा रकाना



दोनेक वर्षांपूर्वी एक आई दवाखान्यात आली. मुलगा तुरुंगात होता. त्याची सवय सुटेल असे औषध तिला हवे होते. बोलता बोलता म्हणाली, “डॉक्टरसाहेब, एक किलो दोनशे ग्रॅम निघालं म्हणे. दोनशे ग्रॅम कमी असतं तर?” मी जैन घरातला, नशा व्रतानेच वर्ज्य मानणारा, पण त्या दोनशे ग्रॅमनी मला कायद्याची पुस्तके उघडायला लावली.

झाड एकच. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, पाने म्हणजे भांग. आमच्या होमिओपॅथीत त्याच झाडाचे औषध कॅनाबिस इंडिका या नावाने आहे. आपल्या इंदूरजवळच्या खंडवा तहसिलीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गांजा सरकारी परवान्याने पिकत असे. तेव्हा सरकारला काळजी कराची होती, शिक्षाही कर चुकवणाऱ्याला.

१८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात मद्यपानविरोधी चळवळीतले केन यांनी बंगालमधल्या गांजाचा प्रश्न काढला. हिंदुस्थान सरकारने चौकशी साऱ्या देशापुरती वाढवली आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या.

मोठा आरोप होता, गांजाने वेड लागते. पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे पुढे केले जात. आयोगाने १८९२ सालच्या १३४४ भरत्यांचे कागद तपासले. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून ही नशा लिहिलेली होती. रुग्णासोबत येणाऱ्या कागदात ‘कारण’ असा रकाना असे आणि तो बहुधा पोलीस भरत. रस्त्यावर सापडलेल्या, मागेपुढे कोणी नसलेल्या माणसाचे कारण काय लिहिणार? ‘गांजा ओढतो’ एवढे कळले की रकाना भरला! चाळीस वर्षे रुग्णांचा पूर्वेतिहास लिहून घेणाऱ्या मला हे वाचून हसू आले नाही. आपलेही असे किती रकाने भरले असतील? चौकशीअंती २२२ चे ९८ उरले. ते उरलेच, हे गांजाच्या कैवाऱ्यांनी विसरू नये. अतिरेक घातक, असे आयोगानेही लिहिले. पण सरसकट बंदी नको, कर आणि परवाने पुरेत, हा त्याचा १८९४ चा निष्कर्ष.

पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपला अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा लागू झाला. गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांशिवायची पाने आणि बी वगळले. भांग अशी राज्यांच्या हाती राहिली. म्हणून आपल्याकडे भांगेचे परवानाधारक दुकान असते आणि महाराष्ट्रात तीच भांग विनापरवाना बाळगणे दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरते. होळीला शिरपूरच्या किंवा रावेरच्या पाहुण्यांकडे इथून पुडी नेणाऱ्यांनी सेंधवा किंवा बऱ्हाणपूर ओलांडताना हे आठवावे.

वजनाच्या पायऱ्या २००१ च्या दुरुस्तीने आल्या. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प’. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. त्यावर, पण वीस किलोच्या व्यापारी प्रमाणाच्या आत, दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे, कमाल वीस. आणि आरोपी दोषी नसावा असे न्यायालयाला सकारण वाटल्याखेरीज जामीन नाही. चरसाला हीच मोजपट्टी १०० ग्रॅम आणि एक किलोची.

म्हणजे त्या आईचा प्रश्न खुळा नव्हता. दोनशे ग्रॅमनी एका वर्षाची कमाल मर्यादा दहा वर्षांवर नेली होती. मी तिला औषध दिले नाही. वकिलाला एवढेच विचारायला सांगितले, की वजन केले तेव्हा पिशवीत फुलोरा किती होता, सुटी पाने आणि बी किती, आणि पंचनाम्यात ते वेगळे लिहिले आहे का.