ठाण्यातील पंधरा घरे: सहभागितेचा एक विस्मृत अध्याय

१/ मोहन्याजवळून वाहणारी उल्हास नदी कल्याणपाशी खाडीचे रूप घेते, ठाण्याच्या उत्तरेने पुढे सरकते आणि वसईजवळ समुद्राला मिळते. रेल्वे येण्यापूर्वी हाच या प्रदेशाचा राजमार्ग होता. याच जलमार्गालगत, ठाणे बंदरात, सुमारे ७०० वर्षांपूर्वी ख्रिस्ती कुटुंबांची अवघी १५ घरे होती. त्यांनी परक्या पाहुण्यांना आसरा दिला, म्हणून इतिहासाला त्यांची ओळख राहिली.

२/ या घरांची पार्श्वभूमी फार जुनी आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ या भारतीय बंदराचा उल्लेख केला. तेथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो, असे तो लिहितो. अनेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण मानतात. काहींना ते केरळातील वाटते. एवढे मात्र निश्चित, की पर्शियन आखाताशी व्यापाराने जोडलेल्या या किनाऱ्यावर पूर्वेकडील चर्चचे, म्हणजे ज्यांना युरोपीय लोक ‘नेस्टोरियन’ म्हणत त्यांचे, अनुयायी वसले होते.

३/ मूठभर माणसे परमुलखात आपला धर्म कशी टिकवतात? ख्रिस्ती परंपरेत याचे उत्तर ‘सहभागिता’ या शब्दात आहे. मूळ ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’. त्याचा अर्थ केवळ सोबत नव्हे, तर भागीदारी: एकत्र प्रार्थना, एक भाकर वाटून खाणे आणि गरजवंताचा भार मिळून उचलणे. आरंभीच्या शतकांत ख्रिस्ती मंडळींना स्वतंत्र देवळे नव्हती. अनुयायांची घरे हीच त्यांची उपासनास्थळे होती. म्हणून घराचे दार उघडणे हे या धर्मजीवनात केवळ सौजन्य नव्हते, ते कर्तव्य होते.

४/ या कर्तव्याची कसोटी १३२१ मध्ये लागली. होर्मुझहून निघालेले एक जहाज चार पाहुण्यांना घेऊन ठाण्यास लागले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि अनेक भाषा जाणणारा तिब्लिसीचा देमेत्रिउस हे ते चौघे फ्रान्सिस्कन धर्मबंधू. त्यांना जायचे होते दक्षिणेला, कोल्लमला. वाऱ्याने त्यांना येथे आणले. त्यांच्यासोबत जॉर्डानस हा डोमिनिकन संघाचा फ्रेंच धर्मगुरूही होता.

५/ येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. रोमचे चर्च आणि पूर्वेकडील चर्च यांच्यात इ.स. ४३१ च्या एफेससच्या परिषदेपासून दुरावा होता. पुढे याच घटनेचा वृत्तान्त लिहिणारा इटालियन प्रवासी ओडोरिक ठाण्यातील १५ घरांचा उल्लेख करतो आणि त्याच ओघात नेस्टोरियनांना पाखंडी ठरवतो. तरीही ज्यांना युरोप पाखंडी म्हणत होता, त्यांच्याच घरात या धर्मबंधूंना अंथरूण आणि अन्न मिळाले.

६/ जॉर्डानस किनाऱ्याने उत्तरेकडे, गुजरातच्या दिशेने निघून गेला. इकडे यजमानाच्या घरात पती-पत्नीचे भांडण झाले आणि पतीने तिला मारहाण केली. ती दाद मागण्यास काझीकडे गेली आणि घरात उतरलेल्या पाहुण्यांची नावे तिने साक्षीदार म्हणून दिली. हा तपशील सहसा झाकला जातो, पण तो महत्त्वाचा आहे. बाहेरच्यांसाठी उघडलेल्या त्या घरात, घरातल्याच स्त्रीला न्याय मिळाला नव्हता. वृत्तान्तात तिचे नावही नाही.

७/ काझीसमोर साक्षीचा विषय बाजूला पडला आणि धर्माचा वाद सुरू झाला. पीटर सामान राखण्यासाठी घरीच थांबला होता. ओडोरिकच्या वृत्तान्तानुसार, शहराच्या अधिकाऱ्याने इतर तिघांना प्रथम खाडीपलीकडे जाऊ दिले आणि तेथे एका मूर्तिपूजक गृहस्थाने त्यांना घरात घेतले. त्या रात्रीच त्यांना ठार करण्यात आले. पुढे पीटरही मारला गेला. या कथेत चमत्कारांची भर पुष्कळ आहे. पण चौघांच्या मृत्यूला जॉर्डानसच्या पत्राचा स्वतंत्र आधार मिळतो.

८/ वार्ता कळताच जॉर्डानस परतला. त्याने सहकाऱ्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आणि पुन्हा जानेवारी १३२४ मध्ये त्याने आपल्या धर्मबंधूंना पत्रे लिहिली. त्यांत विजयाचा सूर नाही. आजारपण, हालअपेष्टा आणि एकाकीपण यांनी ती भरलेली आहेत. तो वारंवार मागणी करतो ती सोबत्यांची. श्रद्धा खचलेली नव्हती, पण ती एकट्याने वाहणे त्याला असह्य झाले होते. १३२९ मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले.

९/ काही काळाने ओडोरिक ठाण्यास आला. त्याने सोपाऱ्याच्या थडग्यातून त्या चौघांच्या अस्थी काढल्या आणि समुद्रमार्गे थेट चीनमधील झैतून, म्हणजे आजच्या क्वानझौ, येथील फ्रान्सिस्कन मठात पोहोचवल्या. मृतांनाही आपल्या मंडळींत विसावा मिळावा, हा त्यामागचा भाव होता.

१०/ त्या १५ घरांचे पुढे काय झाले, याविषयी हे वृत्तान्त मौन पाळतात. वसई परिसरातील मोठा ख्रिस्ती समाज पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ नंतर, घडला. तो लॅटिन परंपरेचा. विसाव्या शतकात मात्र मोहन्याच्या एनआरसीसारख्या कारखान्यांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार कल्याण परिसरात आले. महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या केरळी सिरो-मलबार ख्रिस्तींसाठी १९८८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे नाव कल्याण. त्यांची उपासनापद्धती पूर्व सिरियाक कुळातील, म्हणजे ठाण्याच्या त्या १५ घरांच्याच परंपरेची.

११/ या दोन समाजांत वंशाचे सातत्य दाखवता येत नाही. साम्य आहे ते स्थलांतराचे. पोटासाठी दूर आलेल्या माणसाने प्रथम आपल्यासारख्यांची चार घरे शोधावीत, मग प्रार्थनेसाठी जागा शोधावी, हा क्रम व्यापाऱ्यांच्या काळात होता आणि कारखान्यांच्या काळातही तोच राहिला. ख्रिस्ती इतिहास बहुधा हुतात्म्यांची आणि बिशपांची नावे जपतो. ठाण्याच्या त्या चौघांची नावे आज ठाऊक आहेत. त्यांना भाकर वाढणाऱ्यांची नाहीत. (समाप्त)