धोतऱ्याच्या परागकोशातून

संशोधकाचे मोठेपण त्याच्या शोधनिबंधांच्या संख्येवरून ठरवायची सवय आपल्याला लागली आहे. आम्हा अभियांत्रिकीच्या शिक्षकांना तर बढतीच्या अर्जातही आकडाच भरावा लागतो! म्हणून हे उदाहरण नीट पाहा.

१९६४ साली दिल्ली विद्यापीठातील शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांचा एक छोटा निबंध ‘नेचर’मध्ये आला. धोतऱ्याचे कोवळे परागकोश त्यांनी पोषक माध्यमात वाढवले होते आणि त्यांतून चक्क भ्रूण बाहेर आले होते. पण हे भ्रूण नेमके कशातून आले? कोशाच्या भिंतीतून आले असते, तर त्याचे एवढे महत्त्व नव्हते. १९६६ च्या दुसऱ्या निबंधात उत्तर मिळाले: परागकणांतून. म्हणजे धोतऱ्याची नेहमीची २४ गुणसूत्रे नाहीत, फक्त १२.

याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. ही १२ गुणसूत्रे कोल्चिसीन वापरून दुप्पट केली की प्रत्येक जोडीतील दोन्ही गुणसूत्रे सारखीच. शुद्ध वाणासाठी सहा-सात पिढ्या स्वपरागण करावे लागते. इथे ते काम एकाच पिढीत होते. १९६८ मध्ये जपानमध्ये निइझेकी आणि ओनो यांनी भाताची अशी रोपे मिळवली. तंबाखू, गहू, मोहरी, बार्ली यांतही हे तंत्र पोहोचले.

महेश्वरींनी नंतर दिल्लीच्या दक्षिण परिसरात वनस्पती रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. परागकोश संवर्धन मात्र आता पदवीच्या प्रात्यक्षिकात शिकवतात, बहुधा मूळ निबंधाचे नावही न घेता.