आडोसा आणि काच

घरातल्या दारांचा इतिहास हा आडोशाचा इतिहास असतो. कोणाला, कोणापासून आणि किती वेळ आडोसा मिळावा, हे दार ठरवते. घाटकोपरच्या नव्या इमारतींत दिसू लागलेले, भिंतीच्या पोटात सरकून जाणारे काचेचे दार याच दृष्टीने वाचावे, असे आम्हांस वाटते.

वाड्यात ओटी आणि माजघर यांच्यामध्ये लाकडी दार असे. पुरुषांची बोलणी बायका दाराआडून ऐकत. दिसणे वर्ज्य होते, ऐकणे नव्हते. मुंबईच्या चाळीत दाराच्या जागी पडदा आला. 1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. तीत दुसरे दार लावणार कुठे? राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (1970) या चित्रपटातला पेचच मुळी भरल्या घरात नवविवाहितांना न मिळणाऱ्या एकांताचा आहे. बासू चटर्जी यांनी तोच ‘पिया का घर’ (1972) मध्ये हिंदीत नेला.

घाटकोपर 1950 मध्ये बृहन्मुंबईत आले. पुढे पंतनगरात गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. आज त्यांचा पुनर्विकास चालू आहे. घर वाढले तरी फुटाफुटाचा हिशेब सुटलेला नाही. 3 फूट रुंदीचे दार उघडताना सुमारे 7 चौरस फूट जमीन अडवते. भिंतीत शिरणारे दार ही जमीन परत देते, पण मोबदला घेते. नेहमीची 4 इंची वीटभिंत त्याला पोटात घेऊ शकत नाही. दोन पातळ थरांमध्ये पोकळी ठेवावी लागते आणि तिच्यातून नळ वा विजेच्या तारा नेता येत नाहीत. 10 मिलिमीटर जाडीचे, 3 बाय 7 फुटांचे तावदान जवळपास 50 किलो भरते.

महाराष्ट्रात काच उद्योग रुजला तो स्वदेशीच्या काळात. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 चा, ओगलेवाडीचा ओगले यांचा कारखाना 1916 चा. तिथल्या प्रभाकर कंदिलाने घरोघरी उजेड नेला. नवे दारही उजेडच देऊ करते. ते बहुधा स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये बसते. फोडणीचा वास अडतो, खिडकीचा प्रकाश आत येतो आणि ओट्यापाशी उभी असलेली बाई पाहुण्यांना दिसत राहते. दुधी काच लावली तरी तिची सावली हलताना दिसते.

माजघराच्या अंधारातून ती बाहेर आली, हे चांगलेच झाले. परंतु दार लोटून घेण्याचा अधिकार तिला मिळाला का? दिवाणखान्यात अंथरूण घालणाऱ्या वृद्धाला तो मिळाला का? मराठी कथा-कादंबरीतले घर शिकवताना खोल्या मोजण्यापेक्षा, कडी कोणाच्या हाती आहे हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे. घराची खरी वाटणी तिथे कळते.