व्हॉल्व्ह स्प्रिंग : जुन्या एंजिनाचे हेड बदलताना करावयाची निवड

कॅमने उघडलेली झडप पुन्हा आपल्या बैठकीवर आणून घट्ट दाबून धरणे आणि त्या परतीच्या प्रवासात टॅपेट, पुशरॉड व रॉकर यांचा कॅमशी असलेला संपर्क क्षणभरही तुटू न देणे, ही दोन कार्ये ज्या पोलादी वेटोळ्याकडे असतात, त्यास व्हॉल्व्ह स्प्रिंग म्हणतात. हेड तडकल्यामुळे अथवा वाकल्यामुळे दुसरे हेड चढवण्याची तजवीज करावी लागली, म्हणजे या स्प्रिंगांचा प्रश्न उपस्थित होतो. परंतु त्याचे स्वरूप एंजिनाच्या रचनेनुसार पालटते.

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूर आणि चिखली-खामगाव रस्त्यावरील इतर गावे यांच्या परिचयाची जी जीपगाडी, तिच्यातच याचा उत्तम दाखला मिळतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या एंजिनात सर्व झडपा ब्लॉकमध्ये असल्याने हेड हे निव्वळ झाकण होते, आणि ते बदलले तरी स्प्रिंगांना हात लावण्याचे कारण पडत नसे. अमेरिकेत १९५३ साली आलेल्या व पुढे महिंद्र कंपनीने भारतात दीर्घकाळ बनवलेल्या सीजे-३बी जीपच्या हरिकेन एंजिनात मात्र आत घेणाऱ्या झडपा हेडमध्ये गेल्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा ब्लॉकमध्येच राहिल्या. त्यामुळे हेड बदलणाऱ्याच्या हाती निम्म्याच स्प्रिंगा येतात, आणि उरलेल्या निम्म्या, ज्यांनी आजवर अधिक उष्णता सोसलेली असते, त्या बाजूचे झाकण काढून तपासल्याखेरीज दृष्टीसही पडत नाहीत. नव्या हेडच्या उत्साहात त्यांची उपेक्षा करणे सर्वथा अनुचित होय.

निवडीचा पाया मोजमाप हा आहे. झडप मिटलेली असताना स्प्रिंगच्या बैठकीपासून वरच्या कपाच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर, म्हणजे बसवलेली उंची, प्रत्येक झडपेची स्वतंत्र मोजावी लागते. कारण जुन्या हेडवर झडपेची बैठक पुनःपुन्हा कापली गेली असेल, तर झडप आत रुतते, तिची दांडी वर सरकते, ही उंची वाढते आणि तीच स्प्रिंग पूर्वीपेक्षा सैल बसते. समजा, एखाद्या स्प्रिंगची ताठरता दर मिलिमीटरला अडीच किलो असून ती बसवलेल्या उंचीवर २५ किलो दाब देते. झडप ८ मिलिमीटर उघडली की तो दाब ४५ किलो होईल, पण उंची एका मिलिमीटरने वाढलेली असल्यास हेच आकडे साडेबावीस व साडेबेचाळीसवर येतील. हा तोटा स्प्रिंगखाली योग्य जाडीचे शिम घालून भरून काढता येतो. मात्र शिमने वेटोळ्यांतील मोकळी जागा कमी होत असल्यामुळे, झडप पूर्ण उघडलेली असताना वेटोळी एकमेकांस टेकण्यापूर्वी साधारण दीड मिलिमीटर अंतर उरते की नाही, तसेच कप गाईडवर आदळत नाही ना, हे एंजिन हाताने फिरवून पाहिलेच पाहिजे. नव्या हेडसोबत निराळ्या गुणोत्तराचे रॉकर आले असतील तर ही तपासणी अधिकच अगत्याची ठरते : कॅमची उचल ६ मिलिमीटर असता १.३ गुणोत्तराने झडप ७.८ मिलिमीटर उघडते, तर १.५ ने ९.

स्प्रिंगची लांबी हेड ठरवते. तिचे बळ मात्र कॅमचा आकार, झडपेचे वजन आणि एंजिनाचा वेग यांच्या हवाली असते. वेग सव्वापट झाला की झडप कॅमबरोबर ठेवण्यास लागणारे बळ दीडपटीहून अधिक होते, आणि ते अपुरे पडल्यास झडप तरंगते, बैठकीवर आपटते व शक्ती घटते. म्हणून जबर स्प्रिंग ती उत्तम, असा समज कारागिरांत रूढ आहे. प्रस्तुत लेखकास तो घातक वाटतो. अनावश्यक दाबाने कॅमचे नाक व टॅपेटचा तळ झिजतो, आणि स्प्रिंगच्या किमतीपेक्षा कॅमशाफ्टचा खर्च कितीतरी मोठा असतो. शेतातील विहिरीवरचे किर्लोस्कर डिझेल एंजिन गव्हर्नरने मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास बांधलेले असते. त्यास उत्पादकाने ठरवलेल्या दाबापलीकडची स्प्रिंग घालण्यात काहीही लाभ नाही.

काही स्प्रिंगांची वेटोळी एका टोकाला दाट असतात. ते टोक नेहमी स्थिर बाजूस ठेवावयाचे असल्यामुळे, अशा स्प्रिंगा असलेल्या हरिकेन एंजिनात हेडमधील दाट टोक खाली येते, तर ब्लॉकमधील वर जाते. दुहेरी स्प्रिंगांत आतली व बाहेरची परस्परविरुद्ध दिशांनी वळलेली असावी लागते. प्रीमियर पद्मिनीसारख्या ॲल्युमिनियम हेडवर स्प्रिंगखाली पोलादी चकती हवीच, नपेक्षा मऊ धातू खचतो. पकडीचा ओरखडा स्प्रिंग तुटण्याचे मूळ ठरू शकतो.

दाब मोजण्याचे स्वतंत्र यंत्र लहान गावात नसले, तरी वजनकाट्यावर स्प्रिंग उभी धरून ड्रिल मशीनच्या दांड्याने ती नेमक्या लांबीपर्यंत दाबली असता काट्यावरचा आकडा निवडीस पुरेसा होतो. सर्व स्प्रिंगांचे असे आकडे लिहून घेऊन, त्यांत जी आपल्याच प्रकारच्या इतरांहून दहा टक्क्यांनी मागे पडेल ती बदलावी.