आलमगिराचा मृत्यु आणि शाहूमहाराजांचें खुलदाबादेस जाणें

औरंगजेब बादशहाचा अंत अहमदनगरानजीक (हल्लींचें अहिल्यानगर) भिंगारच्या छावणींत झाला. हिजरी १११८, जिल्काद २८, शके १६२८. इंग्रजी ग्रंथांत कोठें २० फेब्रुवारी १७०७, तर कोठें ३ मार्च १७०७ अशी तारीख आढळते. हा मतभेद नव्हे, जुन्या व नव्या कालगणनेंतील ११ दिवसांचें अंतर होय.

हा पुरुष १६८१ सालीं दक्षिणेंत उतरला तो परत गेला नाहीं. विजापूर व गोवळकोंडें त्यानें बुडविलें; १६८९ च्या मार्चांत संभाजीमहाराजांस हाल करून मारविलें; त्याच वर्षीं रायगड पडून येसूबाई व बाल शाहू त्याच्या कैदेंत गेलीं. राज्य मात्र हातीं आलें नाहीं. राजाराममहाराज १७०० सालीं निवर्तल्यावर ताराबाईंनीं झुंज चालूच ठेविली.

असा शत्रु मेल्यावर त्याच्या कैद्यानें काय करावें? १७०७ सालींच सुटका होऊन स्वदेशीं परततांना शाहूमहाराजांनीं खुलदाबादेस जाऊन बादशहाच्या कबरीचें दर्शन घेतलें, अशी प्रसिद्धि आहे. बापाचा घात करणाऱ्याची ती कबर! कोणी यास मोंगली सहवासाचा दुबळेपणा म्हणतात, कोणी निव्वळ राजकारण. राजकारण होतें, यांत शंका नाहीं. मातुःश्री अद्यापि मोंगलांकडेच होत्या व १७१९ पर्यंत परतल्या नाहींत. परंतु तेवढ्यानें उलगडा होतो असें आम्हांस वाटत नाहीं. रावणवधानंतर उत्तरक्रियेस कचरणाऱ्या बिभीषणास श्रीरामांनींच ती करण्यास सांगितलें, हा प्रसंग त्या काळच्या मराठी माणसास ऐकून ठाऊक होता. रामांनीं रावणास निर्दोष ठरविलें नाहीं. शाहूमहाराजांनींहि तुळापूर विसरून हें केलें असें मानण्याचें कारण नाहीं.

उदगीरच्या तहानें १७६० त दौलताबादचा किल्ला पेशव्यांकडे आला. खुलदाबाद तेथून जवळच. तरी कबर राहिली. शेख जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारांत ती उघड्या आकाशाखालीं आहे. भोंवतालची संगमरवरी जाळी पुष्कळ मागाहूनची, कर्झनसाहेबांच्या सूचनेवरून निजामानें बसविलेली. ती कबर काढून टाकावी अशी मागणी २०२५ सालीं मोठ्यानें झाली, तेव्हां या पूर्ववृत्ताची आठवण फारशी कोणी केली नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं शके १६२८-२९ चीं पत्रें असतील त्यांनीं बादशहाच्या मरणाची वार्ता कोणत्या क्रियापदानें कळविली आहे, तें अवश्य पाहावें. ‘मेला’, ‘वारला’, ‘मृत्यु पावला’ यांत लिहिणाराचें मन उतरतें. छापतांना संपादकानें तें पद सुधारूं नये.