बंदुकीचा विमानप्रवास

विमानाने बंदूक न्यायची असेल तर नियम कोरडा आहे. परवाना दाखवा, बंदूक रिकामी करा, कुलूपबंद पेटीत घालून सामानात द्या. काडतुसे वेगळी बांधा, तीही माणशी ५ किलोपर्यंतच. केबिनमध्ये काहीही न्यायचे नाही. मला या नियमामागे एक जुना प्रश्न दिसतो: हत्यार घेऊन फिरण्याइतका विश्वास कोणावर ठेवायचा?

मोगल काळात उत्तर सरळ होते, बादशहावर. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव 'संग्राम' होते. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात शिकारीचा हिशेबच दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून कारकिर्दीच्या अकराव्या वर्षापर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली; त्यांतली १७,१६७ त्याने स्वतः मारली. बादशहा शिकारीला निघाला की छावणीही हलायची. त्याला अडवणार कोण?

याच्या उलट हजचा प्रवास. इहराम बांधला की जमिनीवरची शिकार मना. सूरह माइदात तसा स्पष्ट हुकूम आहे. त्या दोन चादरींत बादशहा आणि हमाल सारखेच. प्रवासात सर्वांना एकच नियम, ही कल्पना आपल्याला नवी नाही. राज्यकर्त्यांनी मात्र ती फार उशिरा मान्य केली.

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात हत्यार कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि गोऱ्यांना सूट मिळाली. साहेब रायफल घेऊन देशभर फिरे. रयतेच्या घरातली बंदूक मात्र गुन्हा ठरू शके. देश स्वतंत्र झाल्यावर १९५९ चा नवा कायदा आला. पण जंगलात अजून पैशाचे राज्य होते. नागपूरच्या आल्विन कूपरसारख्या कंपन्या परदेशी पाहुण्यांसाठी वाघाच्या शिकारी आयोजित करत. पाहुणा विमानाने यायचा. जंगलात त्याच्यासाठी तंबू, मचाण, हाकारे तयार असत.

मग दोन वर्षांत दोन्ही दारे बंद झाली.

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे फोकर विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. अपहरणकर्त्यांच्या हातातले पिस्तूल आणि हातबॉम्ब नकली होते, हे नंतर बाहेर आले. प्रवासी सुटले, विमान जाळले गेले. नकली हत्यारानेही विमान वळवता येते, हे सगळ्यांना कळले. जगभर असे प्रकार वाढत होते. अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची झडती सक्तीची झाली आणि पुढे ती सगळीकडे रोजची बाब झाली. इकडे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा शौक कायद्याने संपला.

म्हणजे बंदुकीची विमानातली जागाही गेली आणि जंगलातलीही. आज आपल्याकडे विमानाने जाणारी रायफल बहुधा नेमबाजाची असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. तिकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक घराबाहेर निघते ती रानडुकरांसाठी, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते.

झडतीच्या रांगेत उभे राहायला कोणालाच आवडत नाही. माझ्यासारखे नाव असलेल्या माणसाला तर ते अधिकच जड जाते. तरीही मला हा नियम हवा आहे, एका अटीवर. बंदुकीची पेटी आमदाराची असो, खेळाडूची असो की माझ्या मोहल्ल्यातल्या पोराची, ती सारखीच उघडली जावी. नाव वाचून झडतीचा वेळ वाढत असेल, तर १८७८ चा कायदा अजून पुरता गेला नाही असेच म्हणावे लागेल.